रसिक, तबकडी आणि जॅझचे वादक

जॅझ ही मुख्यतः वाजविणाऱ्याची कला आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनाकार बहुतेक सर्व गोष्टी स्वरलिपीत आधी लिहून ठेवतो आणि वादक त्या लेखनाला नादरूप देतो. रचनाकाराच्या मृत्यूला दोनशे वर्षे लोटली तरी कागद शिल्लक राहतो आणि कागदाबरोबर संगीतही राहते. जॅझमध्ये कागदावर फार थोडे असते. एखादी परिचित चाल, तिच्याखाली चालणारी स्वरमेळांची मालिका आणि तालाच्या आवर्तनाची लांबी एवढेच आधी ठरलेले असते. बाकीचे सर्व वादकाला श्रोत्यांसमोर, त्या क्षणी सुचावे लागते. तो क्षण सरला की ते संगीतही सरते. त्यामुळे या संगीताच्या इतिहासात ध्वनिमुद्रिकेला फार मोठे स्थान प्राप्त झाले आहे. जॅझची तबकडी ही त्या संगीताची नुसती प्रत नव्हे. बहुधा तोच त्याचा एकमेव पुरावा असतो.

हा पुरावा मात्र सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक होता. त्याच्या नंतरच्या वादकांनी त्याला जॅझच्या आद्य पुरुषाचा मान दिला. १९०७ साली मानसिक आजारामुळे त्याला इस्पितळात ठेवण्यात आले आणि १९३१ साली तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे मुद्रित झाली, आणि तिच्यावरचे पाचही वादक गौरवर्णीय होते. ज्या कृष्णवर्णीय समाजात हे संगीत जन्मास आले, त्या समाजाचा एकही वादक त्या तबकडीवर नाही.

कोणाचे वादन मुद्रित झाले, कोणाचे झाले नाही, आणि झाले असल्यास त्यावर कोणाचे नाव छापले गेले, हे प्रश्न जॅझच्या जाणत्या रसिकाला पहिल्यापासून सतावीत आले आहेत. मुंबई आणि गोवा येथील जॅझवादकांचा विचार करू लागताच हे प्रश्न अधिक तीव्र होतात. तिकडे वळण्यापूर्वी हे संगीत ऐकावे कसे, याची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

ऐकण्याची रीत

हिंदुस्थानी संगीताची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला जॅझ वाटते तितके परके नाही. ख्याल गाताना गायक बंदिश मांडतो, मग तालाच्या एकेका आवर्तनात नवी उपज करीत समेवर परततो. जॅझवादकही तेच करतो. प्रथम चाल मांडायची, मग तिच्या आवर्तनावर एकामागून एका वादकाने विस्तार करायचा आणि शेवटी सर्वांनी मिळून पुन्हा चालीवर यायचे, हा त्याचा सर्वसाधारण आराखडा होय. या आवर्तनाला जॅझमध्ये ‘कोरस’ म्हणतात. ब्लूज या प्रकारात ते बहुधा बारा मापांचे असते. प्रत्येक मापात चार मात्रा धरल्यास अठ्ठेचाळीस मात्रा होतात. लोकप्रिय गीतांवर आधारलेल्या रचनांत ते बहुधा बत्तीस मापांचे असते. नवख्या श्रोत्याने ही मापे बोटांवर मोजावीत. दोनचार तबकड्या अशा रीतीने ऐकल्या की आवर्तन कोठे संपते हे कानाला आपोआप कळू लागते.

साम्य येथवरच आहे. रागगायनात तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची जमीन ठराविक अंतराने सरकत असते. पियानो, गिटार व बास यांनी धरलेला स्वरमेळ दर मापाला किंवा दोन मापांना बदलतो, आणि जो स्वर आता गोड वाटला तोच पुढच्या क्षणी बोचू शकतो. या सरकत्या जमिनीवर तोल सांभाळीत सलग, अर्थपूर्ण वाक्य बोलणे ही जॅझवादकाची कसोटी होय.

दुसरे वैशिष्ट्य लयीचे. एका मात्रेचे दोन भाग केले तर जॅझमध्ये ते सारखे पडत नाहीत. पहिला थोडा लांबतो, दुसरा थोडा आखूड होतो. त्यातून जो झोका निर्माण होतो त्याला ‘स्विंग’ ही संज्ञा आहे. तो लिहून दाखविता येत नाही, ऐकूनच अंगी भिनतो. तिसरे वैशिष्ट्य सवाल-जवाबाचे. एका वाद्याने किंवा गायकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती उचलावी, ही रीत आफ्रिकी परंपरेतून आली आहे. शाहिराच्या पोवाड्यात झीलकरी सूर उचलतात, ते ज्याने ऐकले आहे त्याला तिची गंमत समजावून सांगावी लागणार नाही.

तबकडीची मर्यादा

जॅझच्या पहिल्या तीन दशकांतील तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या होत्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. नृत्यगृहात दहा-पंधरा मिनिटे रंगणारे वादन ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तीन मिनिटांत आटोपावे लागे. शिवाय १९२५ पर्यंत मायक्रोफोन वापरात नव्हता. वादकांना एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवावे लागे. १९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाचे मुद्रण झाले तेव्हा त्यातील तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणकट होता की त्याला इतरांपासून दूर उभे करावे लागले, अशी हकीगत सांगितली जाते.

या मर्यादेने नुकसान केले, तसे काही घडविलेही. तीन मिनिटांत पाल्हाळाला जागा नसते. आर्मस्ट्राँग यांची २८ जून १९२८ रोजी मुद्रित झालेली ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही तबकडी त्याचा उत्तम दाखला आहे. आरंभी साथीशिवाय एकट्या ट्रंपेटची एक छोटी उठावणी आहे. ती काही सेकंदांतच संपते, पण तेवढ्यात हे वाद्य काय काय करू शकते याचा जणू संपूर्ण आलेख उमटतो. शेवटच्या आवर्तनात ते वरचा एकच स्वर जवळजवळ चार मापे धरून ठेवतात. तो तुटेल की काय अशी धास्ती श्रोत्याला वाटत असतानाच ते त्यातून खाली उतरतात. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ‘बॉडी अँड सोल’ या गीतावर दोन आवर्तने वाजविली. मूळ चालीला त्यांनी जेमतेम स्पर्श केला आणि बाकीचे सर्व स्वतःचे रचले. या दोन तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या तर जॅझमधील एकल वादन अवघ्या अकरा वर्षांत कोठून कोठे गेले हे ध्यानात येते.

कधी मर्यादा तंत्राची नसून व्यवहाराची असे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, तो कंपन्यांशी समझोते होत १९४४ पर्यंत चालला. याच काळात न्यूयॉर्कच्या रात्रगृहांत चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे ‘बीबॉप’ नावाची नवी शैली घडवीत होते. त्या घडणीच्या पहिल्या पायऱ्या फारशा मुद्रित झाल्याच नाहीत. १९४५ साली पार्कर यांच्या तबकड्या बाजारात आल्या तेव्हा अनेक श्रोत्यांना ही शैली आकाशातून पडल्यासारखी वाटली. मधले दुवे तबकडीवर नव्हते, एवढेच त्याचे कारण.

१९४८ साली दीर्घवादन तबकडी आली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि वादकाला मोकळा श्वास घेता आला. १९५९ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत दोन बैठकींत मुद्रित झालेली माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी मराठी श्रोत्याला विशेष जवळची वाटावी. तीत झपाट्याने बदलणाऱ्या स्वरमेळांचे ओझे बाजूला ठेवून एकेका स्वरसप्तकावर बराच काळ रेंगाळण्याची मुभा वादकांना दिलेली आहे. हा राग नव्हे, पण एकाच सप्तकात शिरून त्याचे कोपरे धुंडाळण्याची वृत्ती आपल्या ओळखीची आहे. या तबकडीची एक गोष्ट रसिक आवर्जून सांगतात. पहिल्या बैठकीच्या वेळी मुद्रणयंत्राची गती किंचित मंद होती. त्यामुळे पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना तबकडीवर मुळापेक्षा थोड्या चढ्या सुरात उमटल्या. ही चूक १९९२ साली दुरुस्त करण्यात आली. तबकडी हा पुरावा खरा, पण पुराव्यालाही तपासून पाहावे लागते, हा त्यातला धडा होय.

रसिकांचे काम

जुन्या तबकडीच्या मधल्या कागदावर सामान्यतः वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे नाव असे. बाकीचे वादक निनावी राहत. ट्रंपेट कोणाचे, क्लॅरिनेट कोणाचे, हे ठरविण्याचे काम कोणत्याही विद्यापीठाने अंगावर घेतले नव्हते. ते रसिकांनी केले. पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी १९३६ साली जॅझच्या तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली. कोणती तबकडी, कोणत्या दिवशी, कोठे मुद्रित झाली आणि तीत कोण कोणते वाद्य वाजवीत होते, याची नोंद करण्याचे शास्त्र त्यातून वाढत गेले. रसिकांनी वृद्ध वादकांना गाठून विचारले, कंपन्यांच्या वह्या धुंडाळल्या आणि त्याहीपेक्षा अधिक म्हणजे कान दिला.

कान देऊन वादक ओळखता येतो, कारण जॅझमध्ये प्रत्येकाचा नाद वेगळा असतो. अभिजात वाद्यवृंदात वादकाने आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळून टाकावा अशी अपेक्षा असते. जॅझमध्ये उलट, हा स्वर अमक्याचाच, असे पहिल्या फुंकेला कळले पाहिजे. म्हणून जॅझच्या रसिकाच्या दृष्टीने वादकाचे नाव ही किरकोळ माहिती नसते. नाव गळले की त्या संगीताचा अर्थच अपुरा राहतो.

ताजमहाल हॉटेलातील वाद्यवृंद

हिंदुस्थानात जॅझचे पाऊल पडले ते बंदरांच्या आणि हॉटेलांच्या वाटेने. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तेथे वाद्यवृंद चालविले. वेदरफोर्ड हे सामान्य वादक नव्हते. १९२६ साली शिकागो येथे अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांत आर्मस्ट्राँग यांच्या बरोबरीने वेदरफोर्ड यांचा पियानो ऐकू येतो. त्याच वर्षी ते आशियाकडे निघून आले आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्यांनी इकडेच घालविले. कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात ते युद्धकाळात वाजवीत होते. एप्रिल १९४५ मध्ये पटकीने त्यांचे कलकत्त्यातच निधन झाले. स्वदेशी आपल्याला नाकारलेला सन्मान आशियातील शहरांत मिळतो, हे या वादकांनी अनुभवले होते. वर्णभेदाने पोळलेल्या माणसांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

त्यांचे संगीत ज्यांनी जवळून ऐकले आणि आत्मसात केले ते वादक प्रामुख्याने गोमंतकीय होते. यालाही कारण आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. प्रार्थनेच्या सोयीसाठी दिलेले हे शिक्षण पुढे पोटापाण्याचे साधन झाले. संस्थानिकांचे बँड, पोलिसांची वाद्यपथके, मूकपटांची चित्रपटगृहे आणि हॉटेले यांतून स्वरलिपी वाचणाऱ्या गोमंतकीय वादकाला मागणी असे. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या गोवेकरांच्या ‘कूड’ म्हणजे सामुदायिक निवासाच्या जागा होत्या. नोकरीच्या शोधात आलेले कित्येक वादक प्रथम तेथेच उतरत.

यांपैकी मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून १९६० पर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, ताजमहाल हॉटेलात वाजत होता. हळदोणे गावचे आंतोनिओ झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आर्मस्ट्राँग यांचे ट्रंपेट, त्यांचा घोगरा आवाज, हातातला रुमाल, सर्वच त्यांनी उचलले होते. अनुकरणाला नावे ठेवणे सोपे आहे. पण कला शिकण्याची पहिली पायरी म्हणजे गुरूच्या गळ्यातून गाणे, हे घराण्यांच्या देशात कोणाला सांगायला नको. चिक यांचा गुरू समुद्रापलीकडे होता आणि त्याची तालीम त्यांना मुख्यतः तबकडीवरून घ्यावी लागली, एवढाच फरक.

त्या काळातील मुंबई-कलकत्त्याच्या जॅझच्या काही तबकड्या निघाल्या. पण रात्रीमागून रात्री वीस वर्षे जे वाजविले गेले, त्याच्या मानाने त्या मूठभरच म्हटल्या पाहिजेत. बोल्डनच्या बाबतीत घडले तेच थोड्या सौम्य रूपात मुंबईत घडले.

पडद्यामागचे सूर

आणि तरीही या वादकांचे सूर कोट्यवधी माणसांनी ऐकले आहेत. ते हिंदी चित्रपटगीतांतून. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरातील रात्रजीवन आटले. हॉटेलांतील कामे कमी झाली आणि वादकांचा ओढा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वाढला. तेथे त्यांची फार गरज होती. चाली बांधणाऱ्या अनेक संगीत दिग्दर्शकांना स्वरलिपी अवगत नव्हती. पन्नास-साठ वाद्यांना प्रत्येकी काय वाजवायचे ते लिहून देणारा संयोजक बहुधा गोमंतकीय असे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे केले.

या मिलाफाचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी घरचे आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर म्हणजेच सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना हाताशी धरले. भगवान दादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात एका गीतात चिक आणि त्यांचे साथीदार पडद्यावर वाजविताना दिसतातही. एकीकडे मराठी मातीतला ठेका, दुसरीकडे न्यू ऑर्लीन्सपासून धोबी तलावापर्यंत आलेले ट्रंपेट. हे दोन्ही त्या गीतांत इतके बेमालूम मिसळले आहेत की ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही. चिक पुढे मदन मोहन यांच्याकडेही काम करीत होते. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

पण चित्रपटगीताच्या तबकडीवर छापले काय जाई? चित्रपटाचे नाव, गायक, संगीत दिग्दर्शक आणि गीतकार. ट्रंपेट वाजविणारा, सॅक्सोफोनचा तो आठ मापांचा तुकडा घालणारा, संपूर्ण वाद्यमेळ लिहिणारा, यांची नावे तेथे नसत. काहींचे नाव तर फार आडवळणाने उरले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले होते. शिष्याने आपल्या गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका गीताद्वारे घरोघर पोचविले. लोकांना ते एका विनोदी पात्राचे काल्पनिक नाव वाटले.

कोंकणी संगीतात परिस्थिती जरा निराळी होती. मडगावचे ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना कोर्देरो यांची नावे कोंकणी तबकड्यांनी गोव्यात आणि मुंबईत घरोघर नेली. त्या गीतांतील सुषिर वाद्यांचा उसळता साज हा थेट हॉटेलांतील जॅझचा वारसा होय.

मुंबईच्या या वादकांची नोंद करण्याचे काम उशिरा सुरू झाले. अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटसंगीतातील वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझयुगावरील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हा ग्रंथ २०१२ साली आला. मिकी कोरिया २०११ साली आणि अँथनी गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले. वादकांना समक्ष विचारण्याची संधी किती थोडक्यात हुकू शकते, हे या सनांवरूनच दिसून येईल.

दिल्लीची साळुंकी

जॅझने हिंदुस्थानला काय दिले याबरोबरच हिंदुस्थानाने जॅझला काय दिले, हेही पाहिले पाहिजे. या बाबतीत दिल्लीची एक हकीगत उद्बोधक आहे. १९६३ च्या शरद ऋतूत अमेरिकी सरकारच्या वतीने ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद पश्चिम व दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर निघाला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडले आणि वाद्यवृंदाला काही काळ त्यांच्याविना वाजवावे लागले. नोव्हेंबरात केनेडी यांची हत्या झाल्यामुळे दौराच अर्धवट संपला. पण दिल्लीच्या मुक्कामात एलिंग्टन यांचे सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांच्या कानी एका साळुंकीचे बोल पडले होते. डिसेंबर १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘फार ईस्ट सूट’ या तबकडीतील ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ या रचनेत ते बोल क्लॅरिनेटवर येतात. वाजविणारे आहेत जिमी हॅमिल्टन. वाद्यवृंद खालून गर्दी करीत राहतो, आणि साळुंकी मात्र आपलेच तेवढे पालुपद पुन्हा पुन्हा घोळवीत बसते.

याच तबकडीत आग्र्यावरही एक रचना आहे. तीत हॅरी कार्नी यांचा खर्जातील सॅक्सोफोन ताजमहालाचे देखणेपण न सांगता त्याचे वजन सांगतो. शीर्षकांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. याच तबकडीतील ‘इस्फहान’ ही सर्वांत गाजलेली रचना दौऱ्यापूर्वीच तयार होती. इराणी शहराचे नाव तिला मागाहून मिळाले. तबकडी निघाली त्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, स्ट्रेहॉर्न यांचे निधन झाले. ते १९६३ साली दिल्लीत आले तेव्हा शहराच्या नैऋत्येस आजची द्वारका उपनगरी नव्हती. आज तेथील गृहसंकुलांच्या सज्जांवर साळुंक्यांचा कलकलाट चाललेला असतो. त्या रचनेचा परिचय झालेल्या श्रोत्याला तो पूर्वीसारखा ऐकू येणार नाही.

यात्रा आणि यात्रेकरू

मुंबईत जॅझ टिकले ते वादकांइतकेच श्रोत्यांमुळे. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ वरून विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर ऐकू येई, आणि खरखरीतून नव्या तबकड्या टिपणारे श्रोते या देशात पुष्कळ होते. त्यांच्यापैकी निरंजन झवेरी यांनी रसिकतेला संघटनेची जोड दिली. त्यांच्या पुढाकाराने १९७८ साली मुंबईत, धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तीत वाजवून गेले. हे तेच रॉलिन्स, जे त्यापूर्वी काही वर्षे वादन सोडून पवईच्या आश्रमात वेदान्त व योग शिकायला राहिले होते. महोत्सवाला ‘यात्रा’ म्हणणे झवेरींना सुचले, यातच त्यांची दृष्टी दिसते. यात्रेत पाहुणा आणि यजमान असा भेद नसतो, सगळेच वारकरी.

राग आणि जॅझ यांना एकत्र आणण्याचे प्रयोगही याच काळात झाले. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचे ट्रंपेट, लुसिला पाशेको यांचा पियानो आणि लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम तीत आहेत. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा रागांवरच्या या छोट्या रचना आहेत. काही ठिकाणी राग आणि जॅझ नुसते शेजारी बसतात, काही ठिकाणी खरेच एकमेकांशी बोलतात. पण पडद्यामागचे हात एकदा तरी पुढे येऊन वाजविताना ऐकायला मिळतात, हे तिचे मोल आहे.

मराठी माणसांचा या मिलाफातील वाटा फारसा परिचित नाही. मुंबईचे तबलावादक केशव साठे हे १९५० च्या दशकात लंडनला गेले. जो हॅरियट व जॉन मेयर यांच्या भारतीय-जॅझ संगीतात आणि १९६७ च्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या तबकडीत त्यांचा तबला आहे. ठुमरीच्या श्रेष्ठ गायिका शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू हे तबला आणि पाश्चात्त्य तालवाद्ये एकत्र वाजविणारे वादक म्हणून जगभर नावाजले गेले. त्यांच्या १९८८ च्या ‘उस्फ्रेट’ या तबकडीवर शोभाताई स्वतः गायल्या आहेत. मुलाच्या अपरिचित लयींवरून आईचा ठुमरीत मुरलेला आवाज कोठेही न बुजता फिरतो. आईने आपले गाणे बदललेले नाही आणि मुलाने आपली लय सोडलेली नाही. दोन संगीतांनी एकमेकांचा मान कसा राखावा, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

रसिकाचे ऋण

जॅझचा रसिक होण्यासाठी दुर्मीळ तबकड्यांचा संग्रह करावा लागत नाही. या लेखात उल्लेखिलेले बहुतेक ध्वनिमुद्रण आज सहज ऐकता येते. गरज आहे ती एकच तबकडी पुन्हा पुन्हा ऐकण्याची. पहिल्या वेळी चाल ऐकावी, दुसऱ्या वेळी एकल वादन, तिसऱ्या वेळी केवळ ड्रम आणि बास, चौथ्या वेळी हे सर्व एकमेकांना काय सांगतात ते. मग हीच रीत एखाद्या जुन्या हिंदी किंवा मराठी चित्रपटगीताला लावून पाहावी. शब्द आणि गायक क्षणभर बाजूला ठेवले की मागून एखादे ट्रंपेट, एखादा सॅक्सोफोन स्पष्ट पुढे येतो. तो कोणाचा, हा प्रश्न ज्याला पडला तो रसिक झाला, असे समजण्यास हरकत नाही.

पॅरिसच्या किंवा न्यूयॉर्कच्या रसिकांनी आपल्या वादकांसाठी हा प्रश्न वेळेवर विचारला. आपल्याकडे तो उशिरा विचारला गेला, आणि पुष्कळ उत्तरे तोपर्यंत वादकांबरोबर निघून गेली होती. जी उरली आहेत ती मुंबईच्या आणि गोव्याच्या घरांतून, जुन्या छायाचित्रांच्या मागे लिहिलेल्या नावांतून आणि वृद्धांच्या आठवणींतून विखुरलेली आहेत. ती टिपून ठेवणे हे विद्वानांचेच काम आहे असे नाही. जॅझच्या इतिहासात ते नेहमीच साध्या श्रोत्यांनी केले आहे.